बाहेरून आत येणारी वाट

समजा, तुमच्या घरी एक संगणक आहे. त्यात दहावीच्या प्रयोगांची टिपणे, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सहलीची छायाचित्रे असा सगळा पसारा आहे. तुम्ही शाळेत आहात आणि त्यातली एक फाइल आत्ता हवी आहे. घरच्या संगणकाला इंटरनेट आहे, शाळेतल्या संगणकालाही आहे. घरी बसून सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाचे पान क्षणात उघडते. मग चार किलोमीटरवरचे आपलेच घर शाळेतून का उघडत नाही?

जाणकाराला विचारले तर तो म्हणतो, ‘व्हीपीएन लावा.’ म्हणजे शाळेपासून घरापर्यंत इंटरनेटमधूनच एक खाजगी बोगदा काढायचा. त्यातून जाणारा मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे वाटेत कोणी डोकावले तरी त्याला काही कळत नाही. तुम्ही तेही करता. घरी असताना सगळे चालते, शाळेत आल्यावर चालत नाही. पडद्यावर ‘जोडत आहे’ एवढेच दिसत राहते.

अशा वेळी माणूस राउटरच्या पानावरच्या एकेका खुणेवर बोट ठेवत बसतो. त्यापेक्षा ही अडचण आली कुठून ते पाहणे अधिक फायद्याचे आहे. कारण वाटेतला प्रत्येक अडसर कोणीतरी, कोणत्या तरी साली, काही कारणाने मुद्दाम घातलेला आहे.

इंटरनेटच्या मूळ रचनेत असा अडसर नव्हता. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या अमेरिकी जाळ्याने टीसीपी/आयपी हे नियम स्वीकारले. त्या नियमांनुसार प्रत्येक संगणकाला एक अंकी पत्ता मिळे, आणि ज्याला पत्ता आहे तो इतर कोणालाही पाकीट पाठवू शकत असे. पाकीट हा शब्द इथे जवळजवळ शब्दशः घ्यायला हरकत नाही. मजकुराचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहायचा आणि सोडून द्यायचे. मधल्या यंत्रांनी फक्त पत्ता वाचून पुढे ढकलायचे. अमुक संगणक मागणारा आणि तमुक देणारा अशी जात ठरलेली नव्हती. तेव्हा जाळ्यात संगणक होते काही शेकडे, आणि ते चालवणारे लोक बहुतेक एकमेकांना ओळखत होते. खेड्यात दिवसा दाराला कडी घालत नाहीत, तसा हा प्रकार होता.

कडी घालण्याची गरज पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती एका क्षुल्लक हिशेबातून. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक सापडला. तो फरक धुंडाळत गेल्यावर कळले की, जर्मनीतून कोणीतरी आत शिरून लष्करी माहिती चाळत आहे. दोनच वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला, स्वतःच्या प्रती काढत फिरणारा एक प्रोग्राम जाळ्यात पसरला. सुमारे ६० हजारांपैकी ६ हजार संगणक त्याने ठप्प केले असे सांगतात. हा आकडा मोजलेला नाही, अंदाजाचा आहे, पण तो इतक्या वेळा छापला गेला आहे की मोजलेला वाटू लागतो. महत्त्वाचे हे की, त्या प्रोग्रामने शेजाऱ्यांमधल्या विश्वासाचाच उपयोग करून घेतला. ‘हा संगणक ओळखीचा आहे, त्याला परवलीचा शब्द विचारू नका,’ अशी सोय तेव्हा सर्रास असे.

यानंतर संस्था आपल्या जाळ्याभोवती भिंत घालू लागल्या. फायरवॉल हा शब्द बांधकामातला आहे. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये घालतात ती भिंत. बेल लॅब्जमधल्या बिल चेसविक यांनी १९९० साली आपल्या संस्थेच्या प्रवेशद्वाराची रचना एका निबंधात सविस्तर मांडली. आतले हजारो संगणक एकेक करून भक्कम करणे अशक्य, म्हणून एकच दार ठेवायचे आणि तिथे पहारा बसवायचा, ही त्यामागची कल्पना. बाहेरून कडक कवच आणि आत सगळे मऊ, हे तिचे वर्णनही त्यांचेच आहे, आणि त्यात कौतुकापेक्षा इशारा जास्त आहे.

सुरुवातीचे पहारेकरी विसरभोळे होते. प्रत्येक पाकीट स्वतंत्रपणे पाहून आत सोडायचे की नाही ते ठरवत. १९९४ साली चेक पॉइंट या इस्रायली कंपनीचे फायरवॉल बाजारात आले. त्याला स्मरणशक्ती होती. आतून कोणी कोणाला काय विचारले याची ते नोंद ठेवी आणि त्या प्रश्नाचे उत्तर असेल तेवढेच आत घेई. ‘आतून प्रश्न गेला असेल तरच बाहेरून उत्तर येईल’ हा नियम आज तुमच्या घरातल्या छोट्या राउटरमध्येही आहे. संकेतस्थळे उघडतात ती म्हणूनच, आणि शाळेतून घर उघडत नाही तेही म्हणूनच.

पण घराभोवतीची भिंत केवळ सुरक्षिततेसाठी उभी राहिली नाही. तिचे दुसरे कारण अगदी वेगळे, साध्या अंकगणिताचे आहे.

इंटरनेटचा पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. व्हिंट सर्फ यांनी १९७७ साली हा आकडा नक्की केला तेव्हा तो एका प्रयोगापुरता होता. तो प्रयोग संपलाच नाही, असे ते पुढे सांगत. १९९० नंतर जाळे ज्या वेगाने वाढू लागले ते पाहून पत्ते संपणार हे स्पष्ट झाले. कायमचा उपाय म्हणजे लांब पत्ते. १२८ बिटांच्या आयपीव्ही६चा पहिला मसुदा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत वेळ काढायला मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तात्पुरती युक्ती सुचवली होती. तिचे नाव नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल.

वर्गात ही युक्ती समजवायला वसतिगृहाचे उदाहरण चांगले चालते. समजा, वसतिगृहात २०० मुले आहेत, पण टपालखात्याला फक्त वसतिगृहाचा एक पत्ता ठाऊक आहे. मुलाने पत्र लिहिले की रेक्टर त्यावरचा ‘खोली ७’ हा पत्ता खोडून वसतिगृहाचा पत्ता घालतात, शेजारी एक क्रमांक टाकतात, समजा ४१०२३, आणि नोंदवहीत लिहितात, ‘४१०२३ म्हणजे खोली ७’. उत्तर येते ते ४१०२३ या क्रमांकासह. रेक्टर वही पाहतात आणि पत्र खोली ७ मध्ये देतात. राउटर नेमके हेच करतो. त्या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. तो १६ बिटांचा असतो, म्हणून वहीत ६५,५३६ क्रमांकांची सोय असते.

आता मुलांना विचारा, एखाद्याने बाहेरून आपणहून, आधी पत्र आलेले नसताना, वसतिगृहाच्या पत्त्यावर पत्र टाकले तर? रेक्टर वही उघडतील, त्यात नोंद नसेल, आणि पत्र टोपलीत जाईल. रेक्टर दुष्ट नाहीत. हे पत्र कोणाचे ते त्यांना खरोखरच ठाऊक नाही. फायरवॉल पाकीट अडवतो कारण तसा हुकूम आहे, तर नॅट पाकीट टाकून देतो कारण त्याला पत्ता कळत नाही. परिणाम एकच, म्हणून पुष्कळजण या दोन गोष्टींची गल्लत करतात. घरच्या राउटरमध्ये दोन्ही एकाच डबीत बसलेल्या असल्याने गल्लत आणखी वाढते.

नॅट सुचवणाऱ्या दोघांनी त्याच मसुद्यात तोटेही सांगून ठेवले होते. पत्ता टोकापासून टोकापर्यंत एकच राहावा हा इंटरनेटचा गुण यामुळे जातो, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीन गट कायमचे राखून ठेवण्यात आले. त्यातलाच एक १९२.१६८ ने सुरू होणारा, जो आज जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो. या गटांतले पत्ते निवडताना मनाला येईल तो आकडा घ्या, म्हणजे पुढे दोन जाळी जोडताना टक्कर होणार नाही, असेही त्या मसुद्यात आग्रहाने सुचवलेले आहे. राउटर बनवणाऱ्यांनी ते वाचले नसावे. वाचले असलेच तर मनावर घेतले नाही.

आपल्याकडे या सगळ्याचे पडसाद उशिरा पोचले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही शहरांत सर्वसामान्यांना इंटरनेट दिले. त्यातली स्वस्त खाती फक्त अक्षरे दाखवणारी होती. घरचा संगणक फोनवरून निगमच्या संगणकाला जोडला जाई आणि इंटरनेटवर असे तो निगमचा संगणक. त्या अर्थी घराला स्वतःचा पत्ता नव्हताच. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि नॅट करणारी डबी हळूहळू आपल्या घरांतही आली. ज्या पिढीने इंटरनेट तेव्हापासून पाहिले तिला बाहेरून आत येता न येणे हा निसर्गनियमच वाटतो.

बोगदा खणणाऱ्यांची गोष्ट याच काळातली आहे आणि तिच्यात गंमत आहे. कंपन्यांना आपली दूरची कार्यालये जोडायची होती. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी पीपीटीपी हा प्रकार आणला. १९९८ साली ब्रूस श्नायर आणि मज या टोपणनावाच्या तज्ज्ञाने त्याची कूटबद्धता किती कच्ची आहे ते दाखवले. त्याआधी ऑगस्ट १९९५ मध्ये आयपीसेक या अधिक भक्कम पद्धतीचे मसुदे आले होते. आयपीसेक रचणाऱ्यांनी इंटरनेट मुळात जसे होते तसेच गृहीत धरले होते. त्यांचा एक प्रकार पाकिटावरच्या पत्त्यालाही लाखेची मोहोर लावी. रेक्टरनी पत्ता खोडला की मोहोर तुटे, आणि पलीकडचा संगणक ‘वाटेत कोणीतरी छेडछाड केली’ असे समजून पाकीट फेकून देई. तसे पाहिले तर त्याचे बरोबरच होते. दुसऱ्या प्रकारात पत्त्याला मोहोर नव्हती, पण क्रमांक टाकायची जागाही नव्हती. मग वहीत नोंद कशाच्या आधारे करायची? जानेवारी २००५ मध्ये यावर सर्वमान्य तोडगा प्रसिद्ध झाला. सगळे पाकीट आणखी एका साध्या, क्रमांक असलेल्या पाकिटात घालायचे आणि त्यावर ४५०० हा क्रमांक लिहायचा. लिफाफ्यात लिफाफा.

जेम्स योनन हे मध्य आशियात प्रवास करत असताना तिथल्या परक्या जाळ्यांतून आपल्या कार्यालयाशी संपर्क साधत. त्यातला धोका जाणवून त्यांनी २००१ साली ओपनव्हीपीएन प्रसिद्ध केले. त्यात सगळा व्यवहार एकाच पोर्टमधून चालतो, म्हणून रेक्टरशी भांडण होत नाही. पुढे जेसन डोनेनफेल्ड यांचे वायरगार्ड आले. मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाले. वायरगार्डचा एक स्वभाव दुरुस्ती करणाऱ्याने लक्षात ठेवावा. किल्ली चुकीची असेल तर ते ‘चूक’ असेही म्हणत नाही, गप्प बसते. चोरासमोर गप्प बसणे चांगलेच, पण मालकालाही तीच शांतता ऐकू येते. पाकीट पोचलेच नाही की पोचून नाकारले गेले, हे बाहेरून ओळखता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा, पाकीट घरापर्यंत पोचते का? त्यासाठी टीसीपीडम्प हे छोटे साधन आहे. १९८८ साली ते त्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झाले आणि आजही वापरात आहे. घरच्या संगणकावर ते चालू ठेवायचे आणि बाहेरून जोडणीचा प्रयत्न करायचा. बाहेरून म्हणजे खरोखर बाहेरून, मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवरून. घरच्या वाय-फायवर बसून बाहेरचा पत्ता तपासला तर पुष्कळ राउटर गोंधळतात आणि भलतेच उत्तर मिळते. पाकीट दिसले आणि तरी जोडणी झाली नाही तर दोष घरात आहे. किल्ली जुळत नसेल किंवा संगणकाचा स्वतःचा फायरवॉल आड येत असेल. ऑगस्ट २००३ मधल्या ब्लास्टर या उपद्रवी प्रोग्रामनंतर मायक्रोसॉफ्टने पुढच्याच ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या दुरुस्त आवृत्तीत हा फायरवॉल आपोआप चालू करून दिला. तेव्हापासून भिंतीच्या आत दुसरी भिंत आहे.

पाकीट दिसलेच नाही, तर रेक्टरकडे वळायचे. ‘अमुक क्रमांकाचे पत्र आले तर खोली ७ मध्ये द्या’ अशी कायमची चिठ्ठी त्यांच्याकडे द्यावी लागते. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. चिठ्ठी असते, पण राउटर बंद करून चालू केल्यावर खोली ७ मधला मुलगा खोली ९ मध्ये गेलेला असतो, असे फार वेळा घडते. म्हणून त्या संगणकाचा आतला पत्ता पक्का करून घ्यावा. आणि चिठ्ठी फक्त बोगद्याच्या पोर्टपुरती द्यावी. घरातला कॅमेरा किंवा संगणकाचा पडदा सरळ बाहेर उघडा ठेवणे म्हणजे काय ते २०१६ साली मिराई या प्रोग्रामने दाखवले. कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर त्याने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली.

चिठ्ठी बरोबर असूनही काही येत नसेल तर आणखी एक तपासणी आहे, आणि भारतात बहुधा इथेच घोडे अडते. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो. ‘माझा पत्ता काय’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर जगाला दिसणारा पत्ता मिळतो. दोन्ही एकच आहेत का? नसतील, किंवा राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुमच्या रेक्टरच्या वर दुसरे मोठे रेक्टर बसले आहेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे जुने पत्ते वाटून झाले. एप्रिल २०१२ मध्ये सेवा पुरवणाऱ्यांसाठी हा खास गट राखून ठेवला गेला, म्हणजे हजारो घरांमागे एकच पत्ता वापरता यावा. त्या मोठ्या रेक्टरकडे आपली चिठ्ठी चालत नाही. पैसे भरून स्वतंत्र पत्ता मागा, नाहीतर दुसरी युक्ती शोधा.

ती युक्ती आहे, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत चतुर वाटते. दोन वसतिगृहांतल्या दोन मुलांना एकमेकांना पत्र लिहायचे आहे, पण दोन्हीकडचे रेक्टर न मागितलेले पत्र टाकून देतात. दोघांचा एक मित्र बाहेर राहतो. दोघेही त्याला पत्र लिहितात. कोणाच्या पत्रावर कोणता पत्ता आणि क्रमांक आला ते पाहून तो दोघांनाही एकमेकांचे पत्ते कळवतो. मग दोघे एकाच वेळी एकमेकांना पत्र टाकतात. आपापल्या वहीत दोघांचीही ‘बाहेर गेले’ अशी नोंद झालेली असते, त्यामुळे समोरचे पत्र ‘उत्तर’ म्हणून आत येते! ब्रायन फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली या पद्धतीचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला. दर पत्राला नवा क्रमांक देणारे रेक्टर असतील तर ती फसते. आणि वहीतली नोंद फार काळ टिकत नाही. काही राउटर अर्ध्या मिनिटात पान फाडतात, म्हणून वायरगार्डमध्ये दर २५ सेकंदांनी एक कोरे पत्र पाठवत राहण्याची सोय आहे.

दोन तक्रारी उरतात. जोडणी झाली, पण घरचा संगणक सापडत नाही, अशी पहिली. शाळेतही १९२.१६८.१ आणि घरीही १९२.१६८.१ असेल तर शाळेतला संगणक ‘तो पत्ता इथेच, याच खोलीत आहे’ असे समजतो आणि बोगद्यात शिरतच नाही. घरचा गट बदलून १९२.१६८.७३ असा काहीतरी आडवा आकडा घ्या, काम होते. दुसरी तक्रार अधिक विचित्र आहे. छोटी फाइल येते, मोठी अडकते. इथरनेटचे पाकीट १५०० बाइटांचे. लिफाफ्यात लिफाफा घातला की ते फुगते आणि वाटेत मावत नाही. न मावल्याचा निरोप परत यायचा असतो, पण अतिसावध फायरवॉल तो निरोपच अडवतो. बोगद्यातल्या पाकिटांचे माप थोडे कमी ठेवणे हा यावरचा उपाय.

राहता राहिले लांब पत्ते. आयपीव्ही६च्या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि पुष्कळ घरांतल्या प्रत्येक संगणकाला आता स्वतःचा, जगात एकमेव असा पत्ता मिळतो. वर्गातल्या मुलांना आपापल्या घरच्या मोबाइलमध्ये तो शोधायला सांगा. त्यात अपूर्णविरामाची टिंबे दिसतील आणि अंकांबरोबर ए ते एफ ही रोमन अक्षरेही. असा पत्ता असेल तर वही, चिठ्ठी, मोठे रेक्टर यांतले काहीच लागत नाही. तरीही बाहेरून आलेले पाकीट सहसा आत जात नाही. जानेवारी २०११ मध्ये घरगुती राउटरांसाठी निघालेल्या शिफारशींत न मागता आलेली पाकिटे मुळातच अडवावीत असे सुचवले आहे. त्याच शिफारशींत एक अपवादही आहे. आयपीसेकची कूटबद्ध पाकिटे मात्र राउटरने अडवू नयेत.